सत्यभामाबाईची प्लिमथ विकायची आहे

गाडीतलं तुम्हाला कळतं का? छातीवर हात ठेवून सांगा. मला कळत नव्हतं. तरी मी तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडातून गेलेल्या एका शब्दापायी पन्नासच्या वर वर्षं जपलेल्या गाडीचं दोन दिवसांत वाटोळं होता होता राहिलं. ते कसं, हे मी लपवणार नाही. पण गोष्ट माझी नाही, सत्यभामाबाईंची आहे.

भंडाऱ्याहून नागपूरकडे निघालं की शहापूर लागतं. तुम्ही शंभरदा गेला असाल. ढाबे, टायरची दुकानं, उभे ट्रक, आणि पाच मिनिटांत गाव मागे. हायवे सोडून आत वळलं, तलावाच्या बाजूची गल्ली धरली, की निनाव्यांचं घर आहे. पुढे ओसरी, मागे अंगण, अंगणाच्या टोकाला कोठा. कोठ्यात पूर्वी दोन बैल होते. आता बैल नाहीत. तिथे अमेरिकेची गाडी आहे. प्लिमथ कंपनीची बॅराकुडा, अडुसष्ट सालची, आठ सिलिंडरची, गर्द हिरवी. मागची काच छतापासून उतरत उतरत थेट शेपटीपर्यंत जाते. बॅराकुडा हे समुद्रातल्या एका माशाचं नाव, असं नातीने मोबाइलमध्ये पाहून सांगितलं, तेव्हा सत्यभामाबाई म्हणाल्या, "म्या त पयलेच म्हनलं होतं, आपल्या तलावातली मरळ दिसते हे."

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती गाडीसाठी नव्हे. गल्लीतल्या नालीच्या अर्जावर सह्या घेत फिरत होते. बाकीच्या बायांनी सही करताना नवऱ्याकडे पाहिलं. या बाईने आधी अर्ज पूर्ण वाचला, दोन ठिकाणी माझ्या चुका काढल्या, आणि मग सही केली. 'सत्यभामाबाई पुंडलिकराव निनावे', पूर्ण. मी आठवीच्या पुढे शाळा पाहिली नाही. कायदा शिकले तो झेरॉक्सच्या दुकानात उभ्याने वाचून. माझ्या चुका कोणी काढलेल्या मला खपत नाहीत. पण या बाईच्या खपल्या.

तेवढ्यात मागून आवाज आला. जमिनीतून येतो तसा. गल्लीतली कुत्रीही भुंकली नाहीत, इतकी त्यांना सवय.

"हे काय आहे मावशी?"

"आज बाजाराचा दिवस होय ना वो बाई. सून गाडी चालू करून राहिली. ये, पाहून घे."

ही गाडी आली कुठून, ते आधी सांगते. तुमसरच्या वरच्या अंगाला मॅंगनीजच्या खाणी आहेत. तिथल्या एका खाणीत यंत्रं बसवायला एक अमेरिकन इंजिनिअर आला होता, हॅरिसन नावाचा. लोक त्याला 'हरी सायब' म्हणत. त्याने येताना जहाजातून आपली गाडी आणली. पुंडलिकराव निनावे त्याचे ड्रायव्हर. सहा वर्षांनी साहेब परत गेला आणि गाडी पुंडलिकरावांच्या नावावर करून गेला. जाताना मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाला, "खडा मत रखना, पुंडलिक. चलाना." तेव्हा सत्यभामाबाई नव्या नवरी होत्या. माहेर भंडाऱ्यातलं, कोष्ट्याचं घर. माग सोबत घेऊनच सासरी आल्या. त्यांनी विणलेल्या साड्या मागची सीट आडवी करून पुंडलिकराव व्यापाऱ्याकडे पोचवत. अमेरिकेच्या गाडीतून करवती काठाचं लुगडं बाजारात जात होतं, आणि जळायला आमच्या जिल्ह्यात लोक होतेच.

पुंडलिकराव गेले तेव्हा बाई पन्नाशी ओलांडून गेल्या होत्या. गावाने धरलं की आता गाडी जाणार. बाईंनी महिनाभराने कोठ्याचं दार उघडलं, डावीकडच्या सीटवर बसल्या (या गाडीचं स्टेअरिंग डावीकडे असतं) आणि खाली पाहिलं.

"खड्ड्यातल्या मागाले पावड्या दोन असते," त्यांनी मला सांगितलं. "पायानं दाबाच्या, हातानं धोटा फेकाचा. हिले पावड्या तीन. पाय आन् हात वेगवेगळं बोलते, ते आमाले कोन शिकवाव? आठ दिवसांत आली मले."

लायसन्स आहे का, असं तुम्ही विचारायच्या आधीच सांगते. आहे. पंचावन्नाव्या वर्षी काढलं. गाडीची नोंदणी चालू आहे, सगळे कागद जागेवर आहेत. मी स्वतः पाहिले, आणि मी कागद पाहते तेव्हा त्याची टाचणीसुद्धा तपासते.

दर बाजाराच्या दिवशी बाई गाडी काढत, तलावाच्या पाळीपर्यंत, म्हणजे बांधापर्यंत नेत, वळवून आणत. पंधरा वर्षं. आणि ठेवणं कसं, तेही ऐका. धान जसं ठेवतात तसं. चाकांखाली फळ्या, चारही कोपऱ्यांत राखेची टोपली, म्हणजे ओल राख पिते. इंजिनाभोवती कडूलिंबाचा पाला, उंदीर फिरकत नाही. दाराच्या रबराला एरंडीचं तेल. आणि वरून पासोडी, दुहेरी जाड सुती कापडाची, स्वतःच्या मागावर विणलेली, चार पाट हाताने जोडून केलेली. "ताडपत्री घामेजते," बाई म्हणतात. "घामानं लोखंड खाल्लं जाते. सूत श्वास घेते." गाडीचा रंग कंपनीतून निघाला तोच आहे. तडे नाहीत, फोड नाहीत. आरशासारखा चमकत नाही. धुतलेल्या तांब्यावर येते तशी, खोलातून येणारी चमक आहे.

"मग विकता काहून मावशी?" मी विचारलं.

"डावा गुडगा गेला. क्लच दबत नाही आता. अंजू चालू करून देते, पन पाळीवर नेत नाही, भेते. जे जनावर आपल्याच्यानं फिरवनं होत नाही, ते दाव्याले बांधून कायले ठेवाव?"

अंजू म्हणजे सून. मुलगा मनिष, हायवेला त्याचं टाइल्सचं दुकान आहे. पोरगा वाईट नाही, हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढे तुम्हाला त्याचा राग येईल. त्याच्या दोन मुली मोठ्या झाल्या, घर दोन खोल्यांचं, आणि नव्या घराचा पायवा जिथे पडायचा तिथेच हा कोठा. त्याने आईला सांगितलं होतं, "पाडव्यापर्यंत तुह्या मनासारखं गिऱ्हाईक आलं त ठीक. नाही त भय्याजी."

भय्याजी हा मंडप-डेकोरेशनवाला. बारा गावच्या वराती त्याच्याकडे. त्याने गाडी पाहिली तेव्हा हातातल्या टेपने पहिल्यांदा छताचं माप घेतलं. छत कापायचं, वर सिंहासन बसवायचं, आतून लाइटिंग सोडायची, नवरदेव उभा राहून हात हलवेल. "मावशी, पुरा जिल्हा पाहीन तुमची गाडी," तो म्हणाला. मावशी म्हणाल्या, "आन् पानी आलं का नवरदेव कुठं जाईन, डिक्कीत?"

म्हणजे डाव असा होता. पाडव्याच्या आत असा माणूस शोधायचा, जो गाडी कापणार नाही आणि चालवेल. बाईंची अट एवढीच. भाव त्यांनी शेवटी ठेवला होता.

अंजूने फोटो काढले, जाहिरात मी लिहिली. फोन चिक्कार आले. एकाने विचारलं, "ताई, किलोवर देता का?" त्याला मी जे उत्तर दिलं ते इथे छापता येणार नाही. मग नागपूरहून भूपेंद्रजींचा फोन आला. जुन्या गाड्या जमवणारा माणूस, अकरा गाड्या घरी. बोलणं मऊ.

"ताई, एकच विचारतो. गाडी ओरिजिनल आहे का? मला ओरिजिनल सोडून काही चालत नाही."

"शंभर टक्के ओरिजिनल," मी म्हटलं.

"रविवारी येतो."

मी लगेच मनिषला फोन लावला. मावशी तेव्हा घरी नव्हत्या, बपेऱ्याला बहिणीच्या नातवाच्या बारशाला गेल्या होत्या. मी मनिषला सांगितलं, आणि माझे शब्द मी जसेच्या तसे देते. "रविवारी पार्टी येऊन राहिली. त्याले ओरिजिनलच पाहिजे. एकही चीज ओरिजिनल नसली त वापस जाईल. ध्यान ठेव बावा."

"हव ताई," मनिष म्हणाला, "मी करतो बरोबर."

'करतो' म्हणाला. काय करणार, हे मी विचारलं नाही.

आता तुम्ही आमच्याकडच्या कोणत्याही गॅरेजात जा. मिस्त्री पुर्जा हातात धरून विचारतो, "ओरिजिनल टाकू का डुप्लिकेट?" ओरिजिनल म्हणजे कंपनीचा डबा, सीलबंद, वर चमकणारं स्टिकर, आत नव्या रबराचा वास. डुप्लिकेट म्हणजे लोकल. गाडीवर आधीपासून जे आहे ते या दोन्हींत बसत नाही. त्याला नावच नाही, ते 'जुनं'. जन्मभर मीही हा शब्द असाच बोलले. नागपूरच्या माणसाच्या तोंडी त्याचा अर्थ नेमका उलटा होता, हे मला तरी कुठे कळलं होतं?

शुक्रवारी सकाळी मी गेले तर कोठ्याचं दार सताड उघडं, पासोडी अंगणात ढिगासारखी पडलेली. गाडीच्या तोंडाला दोन नव्या काचांचे हेडलाइट, पांढरेफटक, म्हाताऱ्या माणसाला नवी कवळी बसवावी तसे. आरसे नवे. चाकांच्या टोप्या नव्या. हॉर्न ट्रकचा. खाली रिकामी खोकी. आणि डाव्या मडगार्डपाशी अंकुश पेंटर उकिडवा बसून पाणी मारत पॉलिश पेपर घासत होता. पाणी हिरवं होऊन नालीत चाललं होतं.

"काय करून राहिला तू?" मी ओरडले ती गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू गेली असेल.

मनिष हसत बाहेर आला. "ताई, सगळं ओरिजिनल टाकलं. काल दुकान बंद ठेवून नागपूरले गेलतो. जे आपल्या गाडीचं भेटत नाही ते दुसऱ्या कंपनीचं घेतलं, पन सीलबंद. आता कलर ओरिजिनल मारला का झालं."

मी त्याला जे जे बोलायचं ते बोलले. अक्कल, बाप, खानदान, काही ठेवलं नाही. तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "ताई, तुमीच त म्हनलं, एकही चीज बिगर-ओरिजिनल नको."

मोर्च्यात माझं तोंड बंद करणारा मला अजून भेटला नव्हता. तो त्या अंगणात भेटला.

तेवढ्यात दारासमोर ऑटो थांबला. सत्यभामाबाई पिशवी घेऊन उतरल्या. एक पाय टेकत टेकत आत आल्या आणि पाहिलं. रडतील, ओरडतील, मी तयारच होते. त्या सरळ अंकुशजवळ गेल्या.

"कोनाचा होय तू?"

"शहापूरचाच होय आजी. कवडूचा पोरगा."

"तुह्या मायच्या लग्नाच्या लुगड्याचा काठ म्या विनला. तो काठ कोनी घासून पाहिला का, नवा निंगते म्हून?"

"नाही आजी."

"मंग ठेव तो पेपर खाली."

अंकुशने ठेवला. मडगार्डवर तळहाताएवढी जागा खरवडली होती, त्याखालून राखाडी लोखंड दिसत होतं. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं आणि मनिषकडे पाहिलं. "जुनं सामान कुठं हाय?"

मनिष खाली पाहत म्हणाला, "दादाजीकडे देल्लं. काल संध्याकाळी."

दादाजी भंगारवाला. हायवेला लागून त्याचा वाडगा, म्हणजे कुंपण घातलेलं आवार. मी म्हटलं, "चला मावशी, गाडीवर बसा." माझ्या स्कूटीवर त्या एका अंगाला बसल्या, पिशवी मांडीवर तशीच, बारशाचे बुंदीचे लाडू घेऊन.  रस्ताभर मी बोलत होते, मावशी चूक माझी आहे, मावशी मी सांगितलं तसं त्याने केलं. शेवटी मागून आवाज आला, "समोर पाह्य. मले आज मराची घाई नाही."

दादाजीच्या वाडग्यात ट्रक अर्धा भरलेला. दुपारी निघणार होता. दादाजी खाटेवर.

"दादाजी, माहं सामान तुमच्याकडे आलं."

"वयनी, माह्याकडे पुऱ्या तालुक्याचं सामान आलं. पाहून घ्या, सापडलं त."

ढीग माझ्या डोक्याच्या वर. पंख्याची पाती, सायकली, पत्रे, कूलरच्या जाळ्या. मी वरून उपसायला लागले. मावशी ढिगाभोवती एक फेरी मारून आल्या आणि एका ठिकाणी थांबल्या. "काल संध्याकाळी आलं ना? मंग इथं असन. हा पत्रा आज सकाळचा होय, त्याच्यावर हायवेची धूळ नाही. कालचं याच्याच खाली." आणि हात खाली घातला. डोळे मिटलेले. तुटलेला धागा शोधताना कोष्ट्याची बाई अशीच बोटांनी पाहते, हे मला नंतर कळलं. एक टोपी निघाली. दुसरी निघाली. तिसरी काढली, चाचपली, परत टाकली. "हे आपली नोहे. आपलीच्या कडेले खोच हाय." तासाभरात चारही टोप्या, दोन्ही आरसे, एक हेडलाइट. दुसऱ्या हेडलाइटची नुसती फ्रेम. काच ढिगाखाली चुरा झालेली.

मावशींनी फ्रेममधला काचेचा चुरा झटकला. "गेली ते गेली," म्हणाल्या.

हॉर्न सापडेना. तो दादाजीच्या खाटेखालून निघाला.

"हा देत नाही," दादाजी म्हणाला. "पितळी हाय."

मी बाह्या सरसावल्या. कोणत्या कलमाखाली, काय काय, मी सुरूच केलं होतं. मावशींनी माझा हात दाबला.

"दादाजी, काय पाहिजे तुमाले?"

"वाजवून दाखवा. मंग न्या."

वाडग्यातल्या ट्रॅक्टरची बॅटरी काढली, दोन वायरी लावल्या. हॉर्न वाजला. एका वेळी दोन सूर, जाड आणि बारीक. ट्रक भरणारे हमाल थांबले. दादाजी खाटेवर सरळ होऊन बसला.

"पुंडलिक बाजारातून आला का आसा वाजवे," तो म्हणाला. "आमी समजो, आता चहा मांडा." मग उठून त्याने स्वतः हॉर्न कागदात गुंडाळून मावशींच्या पिशवीत ठेवला. मावशींनी त्याला बारशाचे लाडू दिले. दुसरा काही व्यवहार झाला नाही.

शनिवारी दिवसभर मनिषने स्वतःच्या हाताने नवं काढलं आणि जुनं बसवलं.  फुटलेल्या काचेच्या जागी नवी काच तेवढी राहू दिली.

रविवारी भूपेंद्रजी आले. पांढरे कपडे, खिशात छोटी बॅटरी आणि रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. पासोडी निघाली तेव्हा ते दोन पावलं मागे गेले. मग पुढे आले ते दीड तास गाडीपासून हलले नाहीत. चुंबक फिरवलं (पत्र्यावर लांबी भरलेली असेल तिथे ते चिकटत नाही), नंबराची पट्टी वाचली, जमिनीवर आडवे होऊन खालून पाहिलं. पांढरे कपडे राखेने माखले, पण गड्याला पर्वा नाही. त्यासाठी मी त्यांना मानलं.

"रंग कंपनीचाच आहे," ते हळूच म्हणाले. "कव्हर कोणतं वापरता मावशी?"

"हे काय पडलं. पासोडी."

त्यांनी कापड दोन बोटांत चोळलं. "माझ्या दोन गाड्या विलायती कव्हरखाली गंजल्या," म्हणाले.

मडगार्डवरच्या जागेपाशी थांबले. "आणि हे?"

"ते माझ्यामुळे," मी म्हटलं. "माझ्या नावाने लिहा. एका हेडलाइटची काच, तीही."

मनिषने माझ्याकडे पाहिलं आणि मान फिरवली.

ड्रायव्हरच्या सीटला मावशींनी विणलेलं हिरवं कापड आहे, कडेला करवती काठ. शिवण उसवली तेव्हा पुंडलिकरावांसाठी केलेलं. भूपेंद्रजी म्हणाले, हे काढावं लागेल, आत मूळची सीट आहे ना? मावशी म्हणाल्या, हाय. काढा. त्यांनी हट्ट केला नाही. मग भूपेंद्रजींनी भाव सांगितला. तो ऐकून मनिष ओसरीच्या पायरीवर खाली बसला. तेवढ्या पैशात आख्खं घर वर गेलं असतं.

"द्याचं पक्कं," मावशी म्हणाल्या. "आता मले सांगा, फिरवाल कुठं हिले? नागपुरात जागा हाय का मोकळी?"

"फिरवणार नाही मावशी, काळजीच नको. काचेचा हॉल बांधलाय. एसी. वर्षातून एकदा ट्रेलरवर चढवून प्रदर्शनाला नेतो. किलोमीटर वाढले की किंमत उतरते."

"ट्रेलरवर?"

"हो."

"म्हंजे चांगले पाय असून पालखीत. मंग माह्या कोठ्यात काय काटे होते?"

भूपेंद्रजी हसले. मावशी हसल्या नाहीत. कमरेची चावी काढून त्यांच्यापुढे धरली. "घ्या. तलावाच्या पाळीपर्यंत नेऊन आना. मंग बोलू."

भूपेंद्रजींनी चावी घेतली नाही. गाडीकडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. घाम पुसला. "खरं सांगू का मावशी? माझ्या सगळ्या ऑटोमॅटिक आहेत. क्लचची सवय मला कधीच झाली नाही. मला ही चालवता येणार नाही."

अकरा गाड्यांचा मालक. माझ्या जिभेवर काय काय आलं होतं म्हणून सांगू! पण माणूस खरं बोलला होता, आणि खरं बोलणाऱ्याला मी झोडपत नाही. मावशींनी चावी परत कमरेला खोचली. "चहा घेऊन जा," म्हणाल्या. ते चहा घेऊन, पाया पडून गेले. जाताना म्हणाले, मन बदललं तर त्याच भावात मी उभा आहे.

त्यांची गाडी वळते न वळते तोच भय्याजी मोटरसायकलवर दाखल. कोपऱ्यावर थांबूनच होता लेकाचा.

"झालं ना मावशी? बडा गिऱ्हाईक बी गेला. परवा पाडवा. मी मंगळवारी कटर घेऊन येतो." आणि टेप काढून छताकडे निघाला.

 मावशींनी मुलाला शब्द दिला होता, पाडव्याचा. त्या शब्द मोडणार नव्हत्या, आणि मुलाला विनवणारही नव्हत्या. ओसरीवर बसून गुडघा चोळत राहिल्या. मी तोंड उघडणार होते. त्या आठवड्यात पहिल्यांदा मी ते बंद ठेवलं.

मनिष पायरीवरून उठला. अंगणात पायव्याच्या आखणीच्या खुंट्या ठोकलेल्या होत्या, दोरी बांधलेली. त्याने कोठ्याजवळची पहिली खुंटी उपटली.

"भय्याजी, टेप आन इकडे."

"काहून?"

"आन म्हनलं ना." त्याने भय्याजीच्याच टेपने आठ फूट मोजले, घराकडे, आणि खुंटी तिथे ठोकली. मग दुसरी. "माय, पायवा इकडे घेतो. अंगन लहान होईन, होऊ दे. दिवाळीपर्यंत थांबतो. त्याच्यापुढं मले थांबनं होत नाही, पोरी मोठ्या झाल्या."

"दिवाळीपर्यंत बहुत झालं," मावशी म्हणाल्या.

"मनिषभाऊ, तुमी मले जबान देल्ली होती!" भय्याजी पेटला.

"जबान पाडव्याची होती. पाडवा परवा हाय. आन् ऐक, अकरा गाड्याचा मालक जिले हात लावाले भेला, तिले तू कटर लावतं? पयले चालवून दाखव तिले पाळीवर."

भय्याजी गाडीत बसलासुद्धा. पाय ताणून पाहिले, उजवीकडे स्टेअरिंग शोधलं, तिथे नव्हतं. अंजू पदर तोंडाला लावून आत पळाली. पाच मिनिटांनी भय्याजी टेप घेऊन गेला.

तर आता काम तुमचं आहे. गाडी कशी आहे ते मी सगळं सांगितलं, वाईटासकट: एका हेडलाइटची काच बाहेरची, डाव्या मडगार्डवर तळहाताएवढी खरवड, सीटवर करवती काठ. बाकी अमेरिकेतून आली तशी. भाव मावशी सांगतील, आणि तुम्ही माणूस बरे निघालात तर ऐकूनही घेतील. छत कापायचं मनात असेल, हॉल बांधला असेल, तर शहापूरला उतरू नका, मी गल्लीच्या तोंडाशीच उभी राहीन. पण चालवणारे असाल, आठवड्यातून एकदा का होईना रस्त्यावर काढणार असाल, तर दिवाळीच्या आत या. फोनवर बोलत बसू नका, स्वतः या. आणि येताना पाच लिटर पेट्रोलचा डबा घेऊन या, कारण मावशी चहाच्या आधी तुम्हाला तलावाच्या पाळीवर पाठवणार आहेत, आणि ही बया लिटरमागे पाच किलोमीटरच्या वर देत नाही.